एकाच घरातले दोन वास: आई आणि मुलाच्या तोंडाच्या दुर्गंधीचा माग कसा काढायचा

चौथीतल्या माझ्या लेकानं एका संध्याकाळी दप्तर टाकलं आणि विचारलं, "आई, माझ्या तोंडाला तुझ्यासारखा वास येतो का?" बाकावर शेजारी बसणाऱ्या पोरानं त्याला तसं तोंडावर सांगितलं होतं. मला मात्र त्यातला 'तुझ्यासारखा' हा शब्द लागला. म्हणजे माझं घरात सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त कुणी बोलत नव्हतं.

मी सांगलीत मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर हिशेबाचं काम करते. दिवसभर शेतकरी, हमाल, व्यापारी समोर असतात. बोलताना ओढणी तोंडाशी न्यायची सवय मला कधी लागली ते आठवतही नाही. लेकाच्या प्रश्नानंतर दीड वर्ष आम्ही दोघांनी बरंच काही करून पाहिलं. त्यातलं निम्मं उलट्या क्रमानं केलं आणि पैसे घालवले. इथे लिहितेय तो क्रम आता पहिल्यापासून सुरू करायचं असतं तर मी धरला असता तो आहे. मी डॉक्टर नाही. डॉक्टरांकडे कधी जायचं आणि गेल्यावर काय सांगायचं, हे शिकायला मला वेळ लागला, तेवढंच तुम्हाला देते.

सगळ्यात मोठी चूक आधी सांगते. आईला आणि मुलाला दोघांनाही वास येतो म्हटल्यावर घरातल्या सगळ्यांनी गृहीत धरलं की कारण एकच असणार. "रक्तातच आहे", "पोटातली उष्णता आहे", "तुमच्या घराण्यातच". आम्ही दोघं एकच चूर्ण घेत होतो, एकाच बाटलीतल्या गुळण्या करत होतो. शेवटी निघालं ते असं, की त्याचं कारण वेगळं आणि माझं वेगळं. म्हणून पहिल्या दिवशी दोन वह्या आणा. एक तुमची, एक लेकराची. त्या दोन्ही वह्यांची गाठ घालू नका.

पोटाला आधी सोडा

आपल्याकडे तोंडाला वास म्हटलं की "पोट साफ होत नसेल" हे उत्तर ठरलेलं. पण अन्ननलिका एरवी मिटलेली असते. ढेकर येते किंवा आंबट पाणी वर येतं तेवढ्यापुरता पोटातला वास वर येतो, दिवसभर येत राहत नाही. दुर्गंधीच्या दहातल्या आठ-नऊ रुग्णांत मूळ तोंडातच सापडतं: जिभेच्या मागच्या भागावरचा थर, सुजलेल्या हिरड्या, किडलेली दाढ. तिथे हवेविना जगणारे जिवाणू अन्नातली, लाळेतली आणि गळून पडलेल्या पेशींमधली प्रथिनं कुजवतात आणि गंधकाचे वायू सोडतात. कुजक्या अंड्याचा जो वास, तो त्यातलाच एक, हायड्रोजन सल्फाइड. माझी दुर्बिणीची तपासणी दाताच्या डॉक्टरांच्या आधी झाली होती. पोट उत्तम निघालं. दाढेमागे बोटभर किटण होतं, ते बघायला कुणालाच सांगितलं नव्हतं.

जंतांचंही तसंच. शाळेत 10 फेब्रुवारीला जंतनाशक दिनाची गोळी मिळते ती मुलाला जरूर द्या, पण ती तोंडाच्या वासावरचा उपाय म्हणून नाही.

पहिली पायरी: तिसरं नाक

स्वतःचा वास स्वतःला नीट कळत नाही. नाक सरावतं. हाताच्या ओंजळीत फुंकून वास घ्यायची युक्ती तर अगदीच भरवशाची नाही. घरात रोज सोबत झोपणाऱ्या माणसाचं नाकही सरावलेलं असतं. आमच्या ह्यांना विचारलं की "काही नाही गं", आणि लेकाला विचारलं की "येतो", दोन्ही उत्तरं निरुपयोगी. आणि भीती बसलेल्या आईनं स्वतः मुलाचं तोंड हुंगणं हे तर सगळ्यात वाईट. भ्यालेल्या नाकाला वास येतोच.

म्हणून एक माणूस ठरवा. घराबाहेरचं, पण विश्वासाचं, स्पष्ट बोलणारं. माझ्यासाठी मिरजेच्या वन्सं उभ्या राहिल्या. त्यांना सर्दी नव्हती, तंबाखू-तपकीर नव्हती आणि त्यांच्या जिभेला हाड नाही हे सगळ्या नात्यात प्रसिद्ध. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "खरं सांगू का गं? तुझा येतोय. पोराचा तुझ्यापेक्षा जास्त येतोय, पण वेगळाच येतोय." हे 'वेगळाच' दीड वर्षात आम्हाला पहिल्यांदा कुणी सांगितलं.

तपासायची रीत अशी. आदल्या दिवसापासून लसूण, कच्चा कांदा, मुळा बंद. सकाळपासून माऊथवॉश, बडीशेप, वेलदोडा, लवंग काही नाही. अत्तर, सुगंधी पावडर नाही. दोन मिनिटं तोंड मिटून बसायचं, मग तोंडातून हळू श्वास सोडायचा आणि समोरच्यानं वीतभर अंतरावरून वास घ्यायचा. शून्य ते पाच असे गुण द्यायचे: शून्य म्हणजे काही नाही, एक म्हणजे जेमतेम जाणवतो, तीन म्हणजे स्पष्ट, पाच म्हणजे तोंड फिरवावंसं वाटतं. दाताचे डॉक्टरही जवळपास असंच माप वापरतात.

आठवड्यात तीन दिवस, दिवसातून दोन वेळा एवढं पुरे. एकदा सकाळी दात घासण्याआधी, एकदा जेवणानंतर दोन-अडीच तासांनी. फक्त सकाळी वास येत असेल तर तो झोपेत लाळ कमी झाल्यामुळे येतो. तो सगळ्यांनाच येतो, त्याला आजार म्हणत नाहीत. दुपारीही तीन गुण मिळत असतील तर पुढं वाचा.

सांगलीत राहून आठवडाभर भडंग टाळायचं म्हणजे शिक्षाच, हे मान्य. पण त्यातल्या तळलेल्या लसणीनं आमचा पहिला आठवडा वाया घालवला. लसणीतला एक गंधकयुक्त वायू रक्तात मिसळून फुप्फुसातून बाहेर पडतो, त्यामुळे कितीही दात घासले तरी तो दुसऱ्या दिवसापर्यंत रेंगाळू शकतो. लसणीबरोबर दूध किंवा दही घेतलं तर हा वास थोडा कमी होतो. उपवासाचंही तेच. चतुर्थीला, एकादशीला पोट रिकामं राहिलं की श्वासाला वेगळा वास येतो. त्या दिवशी मोजणी नको.

दुसरी पायरी: तोंडातून की नाकातून

यासाठी पैसे लागत नाहीत आणि सगळ्यात जास्त माहिती यातूनच मिळते. आधी तोंड घट्ट मिटून फक्त नाकातून श्वास सोडायचा. वास घेणाऱ्यानं गुण द्यायचे. मग नाक चिमटीत धरून फक्त तोंडातून. लहान मुलाला हे फुगा फुगवायच्या खेळासारखं करून दाखवा, नाहीतर ते लाजून श्वासच रोखून धरतं.

तोंडातून येतो, नाकातून नाही, तर मूळ तोंडात किंवा टॉन्सिलपाशी. नाकातून जास्त येतो, तर नाक, सायनस किंवा नाकामागची गाठ. दोन्हीकडून सारखाच येतो, तर कारण आणखी खोल, फुप्फुसात किंवा रक्तात असू शकतं. ही शेवटची शक्यता कमी असते, पण सगळे उपाय करूनही ज्यांचा वास जात नाही त्यांनी ती लक्षात ठेवावी.

माझं उत्तर आलं: तोंड 3, नाक 0. लेकाचं: तोंड 3, नाक 4. त्या संध्याकाळी आम्ही एकत्र घेत असलेलं चूर्ण बंद केलं.

सोबत आणखी दोन छोट्या गोष्टी करा. एक चमचा घ्या आणि जिभेच्या मागच्या भागावरून हलकेच खरवडा. चमच्यावर पिवळसर थर आला आणि त्याला वास असला तर जीभ दोषी. दुसरी, दाढांच्या फटीतून दोरा, म्हणजे डेंटल फ्लॉस, फिरवा आणि तो हुंगा. एखाद्याच फटीतला दोरा घाण वासाचा निघाला किंवा लाल झाला, तर ती फट वहीत लिहा: "खाली डावीकडे, शेवटून दुसरी". दाताच्या डॉक्टरांना हे एक वाक्य दहा मिनिटांच्या वर्णनापेक्षा जास्त उपयोगी पडतं.

तिसरी पायरी: दोन आठवडे फक्त तोंड

आता दोन आठवडे नवीन औषध काही नाही, फक्त नीट सफाई. "आम्ही रोज घासतो की" असं मीही म्हणायचे. मी घासायचे ते गॅसवर चहा ठेवून, आणि चहा उतू जायच्या आत संपवायचे.

मोठ्यांनी दोन वेळा, प्रत्येकी दोन मिनिटं, मऊ ब्रशनं. रात्रीचं घासणं सकाळच्यापेक्षा महत्त्वाचं, कारण रात्री लाळ कमी असते आणि जिवाणूंना मोकळं रान मिळतं. रात्री घासल्यावर पाण्याशिवाय काही नाही. फ्लॉस दिवसातून एकदा. ज्यांच्या दातांत मोठ्या फटी पडल्यात त्यांना दोऱ्यापेक्षा बारीक बाटलीच्या ब्रशासारखा दिसणारा इंटरडेंटल ब्रश जास्त कामाचा. राखुंडी, कोळसा, खरखरीत मंजन बंद; त्यानं दात झिजतात.

जीभ साफ करायची पट्टी आपल्याकडे पूर्वीपासून आहे, पण बहुतेक जण पुढची अर्धी जीभ घासून थांबतात. वास असतो मागे. जीभ बाहेर काढा, श्वास सोडत राहा आणि पट्टी जमेल तितकी मागे ठेवून हलक्या हातानं पुढे ओढा. चार-पाच वेळा, मधे मधे पट्टी धुवून. ओकारी येते, हो. श्वास सोडताना कमी येते आणि आठवड्याभरात सवय होते. रक्त येईपर्यंत खरवडू नका. दाबून घासलं म्हणजे जास्त साफ होतं असं नाही.

लेकराचं वेगळं. सात-आठ वर्षांपर्यंत मुलाला स्वतः नीट घासता येत नाही. एकदा त्याला घासू द्यायचं आणि रात्रीचा हात मोठ्या माणसानं फिरवायचा. फ्लोराइडची पेस्ट तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांत वाटाण्याएवढी. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दातांमागे पहिली कायमची दाढ येते. ती कुठलाही दात न पडता गुपचूप येते, त्यामुळे आईबापांना ती दुधाचीच वाटते आणि किडली तरी "पडेल की" म्हणून सोडली जाते. ती पडत नाही. टॉर्च लावून बघा. सहा वर्षांखालच्या मुलाला माऊथवॉश देऊ नका, ते गिळतं.

माऊथवॉशबद्दल मोठ्यांनाही सांगते, कारण मी त्यावर बराच पैसा घातला. क्लोरहेक्सिडिनची गुळणी जिवाणू मारते हे खरं, पण जास्त दिवस वापरली तर दातांवर तपकिरी डाग पडतात आणि चव जाते. डॉक्टरांनी सांगितली तर सांगितले तितकेच दिवस, आणि पेस्टनं घासल्यानंतर लगेच नाही. मधे अर्धा तास जाऊ द्या, नाहीतर पेस्टमधल्या फेसामुळे तिचा गुण कमी होतो. बडीशेप, लवंग, वेलदोडा वास झाकतात, कारण हटवत नाहीत. लग्नकार्यापुरतं ठीक.

आणि मिश्री. आमच्या भागात हे लिहिल्याशिवाय हा लेख पुरा होत नाही. सातारा-सांगलीकडच्या किती घरांत सकाळी तव्यावर तंबाखू भाजल्याचा वास येतो ते सांगायला नको. माझ्या आत्या, म्हणजे सासूबाई, चाळीस वर्षं मिश्री लावतायत आणि त्यांच्या मते त्यानं दात घट्ट राहतात. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू. तिची तल्लफ लागते, हिरड्या खराब होतात आणि तोंडाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. वास कमी व्हावा म्हणून मिश्री लावणाऱ्या बायका मी पाहिल्यात. दुखणंच औषध म्हणून लावत होत्या. सोडायची असेल तर 1800-11-2356 हा तंबाखू सोडण्यासाठीचा सरकारी मोफत नंबर आहे. आत्यांनी अजून सोडलेली नाही. नातवाला भरवताना घास आपल्या तोंडानं फुंकायचं मात्र थांबवलंय, तेही एकदा भांडण झाल्यावर. दात किडवणारे जिवाणू मोठ्यांच्या लाळेतून लहानग्यांकडे जातात, एकच चमचा चाटून त्याला भरवू नये, एवढं त्यांना पटलं.

दाताचे डॉक्टर, आणि त्यांना काय सांगायचं

दोन आठवड्यांनी पुन्हा तिसरं नाक. गुण एकवर आला असेल तर तेच चालू ठेवा. दोनच्या वर राहिला तर दोन्ही वह्या घेऊन दाताच्या डॉक्टरांकडे. खासगी दवाखान्याशिवाय आपल्याकडे दंत महाविद्यालयांची सोय आहे: सांगलीत भारती विद्यापीठाचं, कवलापूरला वसंतदादा पाटील, कराडला कृष्णाचं. तिथे वेळ लागतो, पण हिरड्यांचा विभाग आणि लहान मुलांचा विभाग वेगळा असतो, आणि आई-मुलाचं एका खेपेत होतं. शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, ते मुलांचे दातही बघतं. त्या दिवशी मुलाला मुद्दाम शाळेत पाठवा.

गेल्यावर "दात दुखतोय" म्हणू नका, नाहीतर फक्त तो दात बघून सोडतात. सांगा: "तोंडाला वास येतो, दुसऱ्या माणसाकडून तपासलाय, तोंडातून इतका, नाकातून इतका. हिरड्यांची खोली मोजा, जुन्या कॅप आणि सिमेंटच्या कडा बघा, दोन दाढांच्या मधे कीड आहे का त्याचा एक्स-रे काढा." दोन दाढांच्या मधली कीड आरशात दिसत नाही. लेकाची एक तशीच निघाली, आणि दोऱ्याला वास येत होता तीच फट. घरात कुणाची कवळी असेल तर तीही विचारा. ती रात्री काढून धुवून ठेवायची असते.

किटण काढलं की दात हलतात, हा समज माझ्या आईपासून माझ्यापर्यंत आलेला. हलणारा दात किटणाखाली हाड झिजल्यामुळे आधीच हलत असतो, किटणानं त्याला फक्त धरून ठेवलेलं असतं. पहिले काही दिवस दात शिवशिवतात, ते निवतं.

एक विनंती. मेडिकलमधून स्वतःच्या मनानं मेट्रोनिडॅझोल ही जिवाणू मारणारी गोळी घेऊ नका. आठवडाभर वास पळतो, म्हणून औषध लागू पडलं असं वाटतं. किटण आणि कीड तशीच असते, जिवाणू परत येतात.

पोरगं तोंड उघडं टाकून झोपतं का?

रात्री अकराला टॉर्च न लावता त्याच्या खोलीत जा आणि ऐका. घोरतंय? तोंड उघडं? सकाळी उशीवर लाळेचा डाग, ओठ कोरडे, आवाज नाकात बोलल्यासारखा? तर दात कितीही घासा, वास राहणार, कारण कोरड्या तोंडात जिवाणू माजतात. कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. लहान मुलांत नाकाच्या मागे ॲडेनॉइडची गाठ वाढलेली असते किंवा ॲलर्जीनं नाक सतत बंद असतं, आणि शेंबूड मागच्या मागे घशात उतरत राहतो. दाढेतल्या किडीशिवाय लेकाचं हे दुसरं कारण होतं. नाकातून चार गुण का, ते इथे कळलं. त्याला नाकात मारायचा स्प्रे दिला. ऑपरेशनची वेळ आली नाही, कित्येकांना येत नाही.

वास एकाच नाकपुडीतून, घाण पाणी एकाच बाजूनं, असं असेल तर वाट बघू नका. लहान मुलं शेंगदाणा, फोमचा तुकडा, मणी नाकात घालतात आणि विसरतात. घड्याळातला किंवा खेळण्यातला बटणासारखा सेल घातल्याची शंका असेल तर त्याच तासाला दवाखाना. तो नाकातलं मांस जाळतो. चिमट्यानं स्वतः काढायला जाऊ नका.

टॉन्सिलच्या खाचांत शितासारखे पांढरे-पिवळे कण अडकतात, खोकल्यावर कधी तोंडात येतात, चुरगाळले की भयंकर वास. मोठ्यांतही असतात. कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करा, टाचणीनं टोकरू नका.

माझी गोळी

हळदीची पोती सोडली की यार्डात पिवळी धूळ उडते. मला शिंका यायच्या, म्हणून रोज रात्री सर्दीची एक गोळी घ्यायची सवय लागली, चार-पाच वर्षं. कुणी लिहून दिली नव्हती. दाताच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "रोजची औषधं कुठली?" मी म्हटलं, काही नाही. गोळी माझ्या लेखी औषध नव्हतीच. मग पर्समधली पट्टी दाखवली. सिट्रिझिन, क्लोरफेनिरामिन अशा गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं. झोपेच्या, नैराश्याच्या काही गोळ्यांनी आणि लघवी वाढवणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्यांनीही पडतं. म्हणून घरातली सगळी औषधं, चूर्णं धरून, एका पिशवीत घालून न्या. डॉक्टरांना विचारल्याशिवाय रक्तदाबाची गोळी मात्र थांबवायची नाही.

मला गोळीऐवजी नाकाचा स्प्रे मिळाला, यार्डात मास्क, आणि टेबलावर पाण्याची बाटली. किटण काढल्यावर आणि गोळी सुटल्यावर सहा आठवड्यांत माझा गुण तीनवरून एकवर आला.

रक्त-लघवी, आणि धावपळ कधी

तोंड, नाक, घसा सगळं बघून झालं आणि तरी वास दोन्हीकडून येतोय, तर फॅमिली डॉक्टरांकडून साखर, किडनी आणि लिव्हरच्या साध्या तपासण्या करून घ्या. किडनी थकली की श्वासाला लघवीसारखा वास येतो, लिव्हरच्या जुन्या आजारात गोडसर-कुबट.

एक गोष्ट मात्र पायऱ्या मोडून सांगते. मुलाच्या श्वासाला नेलपॉलिश रिमूव्हरसारखा किंवा जास्त पिकलेल्या फळासारखा वास, सोबत सतत तहान, वारंवार लघवी, अंथरुण ओलं होणं, वजन उतरणं, उलट्या किंवा जोरजोरात श्वास, यातलं काही असेल तर ती मधुमेहाची धोक्याची घंटा असू शकते. त्याच दिवशी, रात्र असली तरी, दवाखान्यात साखर तपासा. तापात न जेवलेल्या मुलालाही असा वास येतो, पण ते ठरवायचं काम साखर मोजणाऱ्यावर सोडा.

सगळं नॉर्मल आलं आणि वास आहेच

दुर्मीळ कारणं आहेत. एकाला माशाच्या वासाचा आजार म्हणतात, वैद्यकीय नाव ट्रायमिथिलॲमिन्युरिया. अंडी, कलेजी, सोयाबीन, शेंगदाणे यांतल्या कोलीन नावाच्या पोषक घटकापासून आणि समुद्री माशांतल्या घटकापासून आतड्यात एक वासाचा पदार्थ बनतो. एरवी लिव्हर त्याला बिनवासाचा करतं. एफएमओ 3 नावाच्या जनुकात दोष असेल तर तो श्वास, घाम, लघवी सगळ्यांतून बाहेर पडतो. म्हणजे फक्त तोंडाला वास आणि घामाला नाही, असं असेल तर हा आजार असण्याची शक्यता कमी. दुसरा दोष सेलेनबीपी 1 या जनुकातला, 2018 च्या सुमारास संशोधकांनी उलगडलेला. त्यात शिजलेल्या कोबीसारखा वास श्वासातून येतो, नाकातूनही.

हे दोन्ही आईकडून एक आणि वडिलांकडून एक असे दोन दोष जुळले तरच होतात. नात्यात लग्न झालेल्या घरांत ती जुळणी व्हायची शक्यता वाढते, आणि आपल्याकडे आत्याच्या घरी सून म्हणून जाणं ही रीतच. मी स्वतः तशी गेलेली आहे, त्यामुळे हा प्रश्न डॉक्टरांना विचारताना मला कुणाचा अपमान होतोय असं वाटलं नाही. तुम्हीही विचारा. लघवीची तपासणी गल्लीतल्या लॅबमध्ये होत नाही. बालरोगतज्ज्ञांकडून जनुकीय आजार बघणाऱ्या मोठ्या रुग्णालयाची चिठ्ठी घ्या. निदानाआधी मुलाची अंडी-शेंगदाणे बंद करू नका, वाढत्या मुलाला कोलीन लागतं. निदान झाल्यावर आहारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली ते कमी करतात आणि किंचित आम्लधर्मी साबणानं अंघोळ सुचवतात, त्यानं बऱ्याच जणांना आराम पडतो.

माझ्या वहीत अजून महिन्यातले चार-पाच दिवस नाकातूनही दोन गुण येतात, आणि ते पाळीच्या तारखांशी जुळतात. त्याचं पक्कं उत्तर मला मिळालेलं नाही. त्या दिवसांत मी पाणी वाढवते, सोयाबीन टाळते आणि कामावर जाते.

वास कुणालाच येत नाही तेव्हा

तिसऱ्या नाकानं वेगवेगळ्या दिवशी सारखा शून्य दिला, दाताच्या डॉक्टरांनीही दिला, तरी मन मानत नाही. समोरच्यानं नाकाला हात लावला की आपल्यामुळेच. बसमध्ये कुणी खिडकी उघडली की आपल्यामुळेच. हे ढोंग नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत या त्रासाला स्वतःची जागा आहे. त्यावर समुपदेशन आणि औषधं आहेत. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या 14416 वर मराठीत बोलता येतं. आणखी एक टूथपेस्ट घेऊन हे जात नाही.

हे इथे लिहिण्याचं कारण लेक आहे. मी ओढणी तोंडाशी नेते हे बघून तोही बोलताना हात तोंडाशी न्यायला लागला होता. त्याचा वास गेल्यावरही दोन महिने नेत होता. म्हणून घरात आम्ही एक ठरवलं: त्याला कुणी रोज हुंगायचं नाही, "आ कर बघू" नाही. महिन्यातून एकदा त्याच्या आत्याकडे, म्हणजे वन्संकडे, मिरजेला, बस्स. आणि मीही ओढणी सोडली, त्याच्यासमोर तरी.

शाळेत वर्गशिक्षिकेला एकटीनं भेटा, मुलासमोर नको. "त्याच्यावर उपचार चालू आहेत, त्याला मधे पाणी प्यायला बाहेर सोडा" एवढंच सांगा. बाक बदलायला सांगू नका, त्यानं सगळ्या वर्गाला कळतं. मुलाला चिडवणाऱ्यासाठी एक तयार वाक्य द्या. माझ्या लेकानं स्वतःच शोधलं: "माझ्या नाकात गाठ आहे, तुझ्या कशात आहे?" मला ते उद्धट वाटलं होतं. त्याच्या बाकावरच्या मित्राला इतकं आवडलं की आता ते दोघंच एकमेकांना म्हणत असतात.

सलग तीन महिने शून्य-एक आल्यावर त्याची वही आम्ही दिवाळीच्या सुट्टीत बंद केली. उरलेल्या पानांवर तो क्रिकेटचे स्कोअर लिहितो. माझी अजून चालू आहे.